न पाहिलेल्या खारका

लहानपणचा आवडता खेळ कोणता, असं कोणी विचारलं की मी विटीदांडू म्हणून सांगतो. ते अगदीच खोटं नाही. विटीदांडू मी खेळलो आहे, एकदा कपाळही फोडून घेतलं आहे. पण माझा खरा खेळ तो नव्हता. खरा खेळ मुलींचा होता, म्हणून सांगायला लाज वाटते. आज लाज बाजूला ठेवून लिहितो, कारण त्या खेळापायी माझ्यावर एक आळ आला, आणि तसाच आळ यंदा कॉलेजात पुन्हा आला. दोन्ही वेळा मी खरं बोललो होतो. लिहिताना हात थोडा जोरात चालतो आहे, वाचणाऱ्याने माफ करावं.

आमचं गाव यावलच्या बाजूला, केळीच्या मळ्यांत. भादव्याच्या पुनवेला गावात घरोघरी गुलाबाई बसायची. मातीची गुलाबाई, शेजारी तिचा गुलोजी, वर ज्वारीच्या ताटांचा मांडव. तिथून कोजागिरीपर्यंत, महिनाभर, रोज दिवेलागणीला गल्लीतल्या मुली एका घरून दुसऱ्या घरी जायच्या, टिपऱ्यांवर गाणी म्हणायच्या. अक्का, म्हणजे माझी मोठी बहीण, मला सोबत न्यायची. न्यायची म्हणजे माय मला तिच्या गळ्यात बांधायची. मी तेव्हा सहा-सात वर्षांचा असेन. मुली ओसरीत फेर धरायच्या आणि मी उंबऱ्यावर बसायचो.

गाणी संपली की खाऊ. पण खाऊ असा हातावर पडत नसे. ज्या घरची गुलाबाई, त्या घरची मुलगी झाकणाचा डबा घेऊन यायची, कानाजवळ नेऊन एकदाच वाजवायची आणि म्हणायची, "वळखा!" मग सगळ्या ओरडायच्या. गोड की तिखट? ओलं की कोरडं? दातानं फुटतं की जिभेवर विरतं? कोणी ओळखलं नाही तर "हरलो" म्हणायचं, मग डबा उघडायचा. आपला खाऊ कोणालाच ओळखू आला नाही, यात त्या घराची मोठी शान. त्यासाठी आया दिवसभर दार लावून घेत. एक काकू तर खमंग वास बाहेर जाऊ नये म्हणून चुलीत ओल्या काटक्या घालून घरभर धूर करायच्या आणि स्वतःच खोकत बसायच्या.

आणि मी ओळखायचो.

यात बढाई नाही, खरंच सोपं होतं. फुटाणे खडखडतात, पण पोकळ. सोललेले शेंगदाणे जड पडतात, टरफलातले आधी घासतात आणि मग पडतात. मुरमुरे सळसळतात, ज्वारीच्या लाह्या त्याहून हळू, जणू डब्यात कोणी पाय न वाजवता चाललं आहे. मलिदा वाजतच नाही, पण डबा धरणाऱ्या मुलीच्या बोटांना तूप असतं. डबा गरम असेल तर ती तो पदराने धरते. भिजवलेल्या डाळीचा डबा ती तिरपा होऊ देत नाही. मी उंबऱ्यावर बसल्या बसल्या हे बघायचो, ऐकायचो आणि सांगून टाकायचो. पहिल्या वर्षी मुलींना गंमत वाटली. "अक्काचा भाऊ आला, आता डबा लपवा!" असं त्या हसून म्हणायच्या. अक्काही मिरवायची. वाटेत माझं डोकं चोळून म्हणायची, "माझ्या भावाचे कान पाहा, मांजरीचे आहेत."

दुसऱ्या वर्षी हसणं कमी झालं. हे मला आता कळतं. एकेक आई दिवसभर दार लावून राबायची आणि एक शेंबडा पोरगा उंबऱ्यावरून चार शब्दांत तिची शान उतरवायचा. तेव्हा कळलं असतं तर मी गप्प बसलो असतो का? माहीत नाही. बहुतेक नसतो बसलो.

एक गोष्ट मात्र इथे सांगायलाच हवी, कारण ती मी कोणालाच सांगितली नव्हती. एकदा दुपारी मायनं मला शेजारच्या काकूंकडे विरजण आणायला पाठवलं. दार उघडंच होतं. काकू ताटात गूळपापडी थापत होत्या. त्यांनी मला पाहिलं नाही. मी वाटी तशीच घेऊन मागे फिरलो आणि मायला सांगितलं, काकू घरी नाहीत. त्या संध्याकाळी गुलाबाई त्यांच्याकडेच होती. डबा वाजला. सगळ्या मुली माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हणालो, "फुटाणे."

केवढा गलका झाला! "हरला! हरला! मांजर हरली!" काकूंनी तर आनंदाने मला दोन वड्या जास्त दिल्या. अक्का घरी येईपर्यंत चिडवत होती. मी खाली मान घालून पापडी खात होतो आणि आतून मला फार बरं वाटत होतं. पाहिलेलं सांगायचं नाही, हा नियम मला कोणी शिकवला नव्हता. ओळखण्याचा खेळ आहे, पाहिल्यावर तो खेळ राहत नाही, एवढंच मला वाटलं होतं.

आता त्या वर्षीची कोजागिरी. शेवटचा दिवस, शेवटची गुलाबाई गावातल्या सगळ्यात मोठ्या केळीच्या मळेवाल्यांकडे. त्यांची मुलगी अक्काच्या वयाची. आठ दिवसांपासून ती सांगत होती, आमचा खाऊ भुसावळहून आला आहे, तो कोणाच्या बापाला ओळखू यायचा नाही. गाणी झाली. ती पितळी डबा घेऊन आली. तिची आई, आजी, चुलत्या, सगळ्या दारात उभ्या राहिल्या. डबा वाजला.

आत लाकडाचे तुकडे असावेत तसा आवाज. पण लाकूड कोण खातं? वाण्याच्या दुकानात मी आबांबरोबर, म्हणजे वडिलांबरोबर, जायचो तेव्हा वाणी पोत्यातून खारका तागडीत टाकायचा, त्याचा आवाज असाच. फक्त त्या खारकांमध्ये बी असायची, त्यामुळे आवाज भरीव यायचा. हा रिकामा होता. मी जरा थांबलो आणि म्हणालो, "खारका. बिया काढलेल्या."

कोणीच हसलं नाही. ती मुलगी रडायलाच लागली. तिची आई पुढे आली.

"कोनी सांगितलं तुले?"

"कोनी नही."

"मंग खिडकीतून पाह्यलं असशील."

"नही पाह्यलं."

"बिया काढल्या हे तुले कसं कळलं रे? बिया मी आज दुपारी काढल्या, माझ्या हातानं, दार लावून!"

मी आवाजाचं सांगायला लागलो. पोतं, तागडी, भरीव, रिकामा. सहा-सात वर्षांच्या पोराला ते किती सांगता येणार? मागून एक चुलती म्हणाली, "तोंड तर पाहा त्याचं, कसं गोरंमोरं झालं!" तोंड गोरंमोरं होणारच. इतक्या बायका अंगावर आल्यावर कोणाचं होणार नाही?

मग त्या बाईंनी मला गुलाबाईसमोर उभं केलं. "हात लाव देवीले आन् सांग." मी हात लावला. माती थंड होती, एवढं आठवतं. मी सांगितलं, मी पाहिलं नाही. तरी त्या म्हणाल्या, "पोरगं देवीसमोर बी खोटं बोलतं." मग अक्काकडे वळल्या. "तुझा भाऊ आहे. तूच सांग, हा दुपारी कुठं व्हता?"

अक्काला ठाऊक होतं. दुपारभर मी तिच्याबरोबर मळ्यात होतो, केळीच्या सोपटांची, म्हणजे खोडाच्या सालींची, नाव करून पाटात सोडत होतो. पुढे गेलेली नाव तिनेच पाण्यात उतरून आणून दिली होती. मी तिच्याकडे पाहिलं. अक्काने सगळ्या मुलींकडे पाहिलं, मग खाली पाहिलं आणि म्हणाली, "मले काय माहीत?"

मी खाऊ न घेता घरी आलो. पुढच्या वर्षापासून मला कोणी नेलं नाही. नेलं नाही याचा राग नाही. राग त्या तीन शब्दांचा आहे.

त्यानंतर गावची शाळा, मग फैजपूरला इंग्रजी शाळा, मग मॅट्रिक. जळगावात नुकतंच कॉलेज निघालं, आणि आबांनी काय काय करून मला सायन्सला घातलं. सायन्स म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक नाही. गावात कोणी विचारलं की ते म्हणतात, "पोरगं बाटल्यांचं शिकतं."

वसतिगृहात मला माझा जुना खेळ परत मिळाला. साखर रेशनवर, बाहेरचं खाणं महाग, त्यामुळे घरून डबा आला की तो सगळ्या खोल्यांचा सण. माझा सोबती धुळ्याकडचा, अहिराणी बोलणारा. त्याने एकदा डबा उघडायच्या आधी सहज हलवला आणि मी पडल्या पडल्या सांगितलं, "शेव आणि खाली लाडू. लाडू फुटलेत." लाडू खरंच फुटले होते. झालं! तेव्हापासून कोणाचाही डबा आला की तो माझ्या कानाशी यायचा. सोबती सगळ्यांना सांगत फिरायचा, "हाऊ बठ्ठं वळखस! याना कान शेतस का सुपडा?" म्हणजे, हा सगळं ओळखतो, याचे कान आहेत की सुपं. रविवारी आम्ही मेहरूणच्या तळ्यावर पोहायला जायचो, हिवाळ्यात तिकडची बोरं खायचो, आणि पोरं माझे डोळे बांधून पाण्यात दगड टाकायची. दगड केवढा ते मी सांगायचो. दहा वर्षांनी कोणीतरी माझं ऐकून हसत होतं. मी सुखी होतो. हे लिहिताना थोडं ओशाळवाणं वाटतं, पण खरं आहे.

दिवाळीच्या आधी रसायनाच्या प्रयोगशाळेत प्रत्येकाला एकेक पुडी मिळाली. पुडीत एक क्षार. तो कोणता, हे ठरलेल्या परीक्षा करून शोधायचं, एकेक परीक्षा वहीत लिहायची आणि शेवटी नाव. मी पुडी उघडली. पांढरे, तंतूतंतूचे खडे. चिमूटभर तापवले. पांढरा धूर आला, आणि त्या धुरासरशी मी आमच्या गावच्या पारावर जाऊन बसलो. कल्हईवाला यायचा, भांडं तापवायचा, त्यात हीच पांढरी पूड टाकायचा आणि असाच धूर निघायचा. घसा असाच खवखवायचा. नवसागर. इंग्रजीत अमोनियम क्लोराइड. मी शेवटच्या ओळीत नाव लिहून टाकलं आणि मग वरच्या परीक्षा करायला घेतल्या.

इथे माझी चूक होती, ती मी मान्य करतो. नाव शेवटी लिहायचं असतं, आधी नाही.

प्रयोग करून घेणारे डेमॉन्स्ट्रेटर फिरत फिरत आले. वहीत वर कोरं पान आणि खाली नाव. घड्याळ पाहिलं.

"यादी कुठे पाहिलीस?"

"कसली यादी, सर?"

"माझ्या खणातली. पुड्यांच्या नंबरांची."

मी म्हणालो, यादी पाहिली नाही. मग कसं कळलं? मी कल्हईवाल्याचं सांगितलं. सगळा वर्ग हसला. ते म्हणाले, "अस्सं! मग कॉलेजात कल्हई करायला आलास का?" आणखी हसले. माझा सोबती बिचारा मला वाचवायला उठला. "सर, तो खरंच ओळखतो. वसतिगृहात आमचे डबे न उघडता सांगतो."

"म्हणजे सवय जुनीच आहे," सर म्हणाले.

माझ्यासमोर मातीची गुलाबाईच उभी राहिली. सर म्हणाले, वहीत लिहून दे, यादी पाहिली, चूक झाली. प्रकरण इथेच मिटवतो. न लिहिलंस तर टर्मची सही देणार नाही.

टर्म गेली की वर्ष गेलं. आबा गावात कोणाला काय सांगणार? एक ओळ लिहायची होती. वसतिगृहातल्या शहाण्या मुलांनी मला तेच सांगितलं: लिही आणि मोकळा हो, कोण वाचतं? पण मी न केलेली गोष्ट माझ्याच अक्षरात लिहायची? लहानपणी तोंडानेही कोणी कबूल करवून घेतलं नव्हतं. मी लिहिलं नाही. शेवटी खात्याच्या मोठ्या प्राध्यापकांनी ठरवलं की दिवाळीनंतर त्यांच्यासमोर माझी वेगळी परीक्षा घ्यायची.

दिवाळीला घरी गेलो. भुसावळहून कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार चढावर दोनदा थांबली, आम्ही उतरून ढकलली. अक्का माहेरी आली होती, कडेवर पोरगी. दुसऱ्या दिवशी ती चुलीपाशी करंज्या तळत होती आणि मी समोर बसून तिला सगळं सांगितलं. यादी, कल्हई, सगळं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "भाऊ, एक विचारू? रागावू नको."

"विचार."

"त्या खारका... तू खरंच पाह्यल्या व्हत्या का रे?"

मला वाटलं, कढई उचलून अंगणात फेकावी. "अक्का, त्या दिवशी दुपारभर मी तुझ्यासोबत मळ्यात होतो! तू नाव धरायला पाण्यात उतरली होतीस!"

"ते खरं," ती म्हणाली. "पन मले वाटलं, मी भाकरी आनायले घरी गेली, तेवढ्यात तू जाऊन आला असशील."

"मग तेव्हा म्हणाली का नाहीस, तो माझ्यासोबत होता म्हणून?"

ती करंजी उलटत राहिली. "त्या पोरींनी मले परत खेळायले घेतलं नसतं, भाऊ. मंग पुढच्या वर्षी माझं लग्नच झालं."

राग गेला नाही. आणि रागाच्या भरात, आपण किती खरे होतो हे दाखवायला, मी तिला ती कोणालाच न सांगितलेली गोष्ट सांगितली. विरजण, गूळपापडी, मुद्दाम म्हटलेले फुटाणे. मला वाटलं, आता तरी हिचे डोळे उघडतील.

अक्काने झारा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हंजे एकदा पाह्यलं व्हतं न!"

मी उठून बाहेर गेलो. मागून ती हाका मारत होती, "अरे भाऊ, करंजी तर खा!"

जळगावला परतल्यावर परीक्षा झाली. मोठे प्राध्यापक खुर्चीवर, डेमॉन्स्ट्रेटर कपाटापाशी. त्यांनी एक बाटली काढून टेबलावर ठेवली. वर नुसता नंबर. त्या बाटलीच्या तोंडाचा टवका उडालेला होता.

मी ती बाटली ओळखली. सुट्टीच्या आधी प्रयोगशाळेच्या शिपायाने मला हाताशी घेतलं होतं. बाटल्या पुसायच्या आणि कपाटात लावायच्या. ह्याच टवक्याने माझं बोट कापलं होतं, म्हणून मी तिची चिठ्ठी नीट वाचली होती. सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. आता नावाची चिठ्ठी काढून नंबर लावला होता, एवढंच.

परीक्षा करून सोरा लिहिलं असतं तर दहा मिनिटांत सुटलो असतो. मुद्दाम चुकीचं लिहिलं असतं तर गूळपापडीसारखं झालं असतं, पण इथे दोन वड्या जास्त मिळणार नव्हत्या, वर्ष गेलं असतं. आणि खरं सांगितलं तर काय होतं, हे अक्काने मला नुकतंच शिकवलं होतं.

"सर, दुसरी द्या. ही मी पाहिली आहे."

डेमॉन्स्ट्रेटर लगेच म्हणाले, "ऐकलंत? म्हणजे हा पाहतो!"

अगदी अक्काच. शब्द तेवढे शहरी. मी म्हणालो, आणि माझा आवाज चढला याचं मला अजून वाईट वाटतं, "सर, पाहतो तेव्हा पाहिलं म्हणून सांगतो. यादी पाहिली असती तर तेही सांगितलं असतं!" मग बोटावरचा व्रण दाखवला आणि शिपायाला विचारा म्हणालो.

मोठे प्राध्यापक स्वतः उठले, आतल्या खोलीत गेले आणि कागदावर पांढरी पूड घेऊन आले. मी या वेळी वहीत वरून खाली, एकेक ओळ लिहीत गेलो. खरं तर नळीत तापवल्यावर ती लाहीसारखी फुगली तेव्हाच मला कळलं होतं की ही तुरटी. पण पुरा तास घेतला, एकही परीक्षा सोडली नाही आणि नाव शेवटी लिहिलं. प्राध्यापकांनी वही वाचली आणि सही केली. डेमॉन्स्ट्रेटरांनीही सही केली. त्यांना वाटलं असेल, आता काहीतरी बोलायला हवं. ते म्हणाले, "ठीक आहे. पण पुन्हा कपाटातल्या बाटल्यांना हात लावू नकोस."

एवढंच. नवसागराबद्दल, त्या हसण्याबद्दल, एक शब्द नाही. टर्म मिळाली, आबांची मान राहिली, सोबत्याने वसतिगृहभर नाचत बातमी दिली. सगळे म्हणतात, झालं ना आता, विसर. मला विसरता येत नाही. सही माझ्या तुरटीवर झाली. नवसागरावर झालेली नाही, आणि खारकांवर तर कोणीच करणार नाही.

काल अक्काचा डबा आला, फडक्यात बांधून, शिवून. सोबत्याने तो माझ्या कानाशी आणून हलवला. "वळख!"

आतून लाकडाच्या रिकाम्या तुकड्यांसारखा आवाज आला.

चिठ्ठी वगैरे काही नव्हती, अक्काला लिहिता येत नाही. तिला काय म्हणायचं होतं, ते माझ्या लक्षात आलं असं मी समजतो. मी सोबत्याला सांगितलं, "खारका. बिया काढलेल्या." त्याने फडक्याची शिवण उसवली, डबा उघडला, ओरडला आणि मूठ भरून घेतली. मीही खाल्ल्या. चांगल्या होत्या. तरी, अक्का, हे पान कोणी तुला वाचून दाखवलं तर नीट ऐक: त्या खारका मी पाहिल्या नव्हत्या.